डाव्या हाताची गाठ

मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते. दादाची सहा वर्षांची मुलगी डावखुरी. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला तिलाच कुमारिका म्हणून बसवायचं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, "पानावर डावा हात गेला त खाप्याहून जेवाले येनाऱ्या बायका वर्षभर हासतीन."

मग महिनाभर आधीपासून जेवताना तिचा डावा हात ओढणीने कमरेशी बांधायचा. ती माझं ऐकायची, म्हणून बांधायचं काम माझं.

उजव्या हातातला अर्धा वरणभात फ्रॉकवर पडायचा. "सांडलेलाच खा आधी," आई म्हणायची. ती वेचून खायची.

एकदा मी तिथेच बसून नैसर्गिक कायद्याचं प्रकरण वाचत होते.

"काय वाचून राहिली वं?" आईने विचारलं.

इंग्रजीत मी दोन पानं लिहिली असती. मराठीत एवढंच जमलं, "प्रत्येक गोष्टीला निसर्गानेच एक काम नेमून दिलेलं असतं. तसं वागणं म्हणजे नीती."

"मंग मी काय येगळं सांगून राहिली? उजवा जेवाले, डावा धुवाले." तिने स्वयंपाकघराकडे पाहून आवाज चढवला. "आयकलं का वं सूनबाई? कायद्याच्या पुस्तकात हाय!"

वहिनी दारात आली, माझ्याकडे पाहत राहिली. पुढच्याच परिच्छेदात होतं, की हे काम रूढीला विचारून ठरत नाही. त्या गोष्टीचा स्वभाव पाहून बुद्धीने ओळखायचं, आणि त्याविरुद्धचा नियम मनाला बांधत नाही. ओढणीखाली तो हात वळवळत होता. मी पान उलटलं.

महालक्ष्म्यांच्या दिवशी हात मोकळा ठेवला. ती पाटावर बसली, डावा तळहात मांडीखाली दाबून. आंबील, पुरण, सगळं उजव्या हाताने. एक थेंब सांडला नाही. "पोट्टी मोठी गुणाची हाय," खाप्याच्या मावशी म्हणाल्या. आईने मायेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी मी ओढणी धुऊन कपाटात ठेवली. जेवायच्या वेळी ती तीच घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आता नको गं," मी म्हणाले. "संपलं ते."

"बांध नं आत्या," ती कुजबुजली. "नाही त तो आपोआप जाते."

मी बांधली. गाठ घट्ट बसली का, ते तिनेच ओढून पाहिलं.