आईच्या नंबरला रिंग जाते

स्टेजवर काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं, पण पब्लिक काय बोलतंय ते फक्त साउंडवाल्याला ऐकू येतं. आवाज कमी-जास्त करायचा आमचा मिक्सर पब्लिकच्या मधोमध. एका बाजूला खुर्च्यांवर बसलेले पाव्हणे, दुसऱ्या बाजूला बांबूच्या कठड्याला लोंबकळणारी पोरं. आणि सगळ्यांना वाटतं, हा माणूस म्हणजे चौकशीची खिडकी! "ओ साउंडवाले, पाणी कुठंय?" इथपासून "ह्या गायकाचं लग्न झालंय का?" इथपर्यंत सगळं मलाच विचारतात. त्यामुळं मला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कार्यक्रम संपला की वायरींबरोबर तेही गुंडाळून टेम्पोत टाकायचे.

आमचा रॉक बॅण्ड आहे. हसू नका. शिरूर-दौंड पट्ट्यात रॉक बॅण्ड म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "हळदीला येता का?"

गायक अमोल, केंदूरचा. रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी, शिरूरला रूम. शिफ्ट सुटली की गिटार गळ्यात घालून असा ओरडतो की माझे स्पीकरचे बॉक्स हादरतात. ड्रमवर राजेश. मूळचा बिहारचा, अमोलच्याच कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या खात्यात. बाकी दोन पोरं येऊन-जाऊन असतात. रीलखाली लोक अमोलला 'रॉकस्टार' लिहितात. गावात तो 'आप्पांचा अमोल'.

तर हा अमोल स्टेजवर खरं बोलतो. सगळी भानगड तिथनंच सुरू झाली.

*

दौंडला गणपतीत एका मंडळाचा कार्यक्रम होता. दोन गाणी दणक्यात झाली, पोरं नाचली. तिसऱ्याच्या आधी अमोलनं गिटार बाजूला केली आणि माईक हातात घेतला. मला वाटलं, अध्यक्षांचे आभार मानतोय.

"माझी आई गेली," तो म्हणाला. "दशक्रियेला सगळे पुढारी बोलले. मी मागं खुर्च्या लावत होतो. मला रडायलाच आलं न्हाई. पर आजून बी मी तिच्या नंबरला फोन लावतो. रिचार्ज मीच मारतो. रिंग जाते. कुणी उचलत न्हाई. पर रिंग गेली की बरं वाटतं."

आणि गायला लागला. शिट्ट्या बंद.

माझ्या शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले एक मामा बसले होते. ते माझ्याकडं झुकून म्हणाले, "हे बोलणं पॅकेजमधी असतं का वरचं?"

"मामा, मला पण आत्ताच कळतंय."

"मग राहू द्या. बरंय." असं म्हणून ते उठले आणि मांडवामागं गेले. बऱ्याच वेळानं परत आले, तर डोळे लालभडक! वर मलाच दम दिला, "ते धुराचं मशीन बंद करा आधी. डोळे चुरचुरायलेत."

आमच्याकडं धुराचं मशीनच नव्हतं!

*

ती क्लिप आमचा टेम्पो शिरूरला पोचायच्या आधी केंदूरला पोचली.

आप्पा म्हणजे अमोलचे वडील. घरी गाया, रोजचं दूध डेअरीला, आणि बोलणं एकदम बेतात. डेअरीत कॅन हातात असतानाच कुणीतरी त्यांना मोबाईल दाखवला. आप्पांनी शेवटपर्यंत बघितलं, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "आवाज बरा हाय."

घरी जाऊन अमोलला फोन लावला. "घरातलं दुखणं मांडवात न्हाई न्यायचं. परत मला फोन करू नको." कट!

तेव्हापासून अमोलनं लावला की आप्पा कट करतात. एकदा हा सुट्टी टाकून घरी गेला, तर आप्पा त्याला बघून जे रानात गेले ते हा निघेपर्यंत बांधावरच बसून राहिले. परत आल्यावर अमोल माझ्या शिरूरच्या साउंडच्या दुकानात येऊन बसला. "भाऊ, आई गेली ती गेली. आता बाप बी चालला हातचा."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "मग स्टेजवर बोलणं बंद कर. नुसतं गा."

"केलं की परवा. पर न बोलता गायलं की मलाच ते गाणं खोटं वाटतंय."

मी वायर सोल्डर करत बसलो.

*

यवतच्या पुढं एका ढाब्यावर दुपारी जेवायला थांबलो. मालकानं ओळखलं. "तुम्हीच ना ते फोनवाले?" अमोल हो म्हणायच्या आत मालक खुर्ची ओढून बसलासुद्धा! त्याचा धाकटा भाऊ गेलेला. त्याची मोटारसायकल अजून मागं उभी आहे, विकवत नाही, म्हणाला. ते ऐकून वेटर थांबला. त्यालाही काहीतरी सांगायचं होतं. मग शेजारच्या टेबलावरचा ड्रायव्हर. मग आतून आचारी आला, हातात झारा तसाच!

सगळा ढाबा अमोलभोवती. अमोल बिचारा एकेकाचं ऐकतोय, मान हलवतोय. आणि चुलीपाशी कुणीच नाही.

राजेशची सकाळची शिफ्ट झालेली, पोटात काही नाही. शेवटी त्यानं टेबलावर हात आपटला, "भैया, पहले खाना, फिर रोना!"

मालकानं डोळे पुसले आणि आचाऱ्याला म्हणाला, "जा रं, शेवभाजी टाक. आन् झणझणीत कर, म्हंजी नाव तिखटावर जाईल."

*

आता खरी कमाल ऐका. एक दिवस मला फोन आला, "तुमच्या बॅण्डची तारीख पाहिजे होती."

म्हटलं, "काय प्रोग्राम आहे? वाढदिवस?"

"न्हाई, आमच्या नानांचा दहावा."

मी फोन कानापासून लांब धरून बघितला. दशक्रियेला रॉक बॅण्ड! पण तो माणूस अगदी मनापासून बोलत होता. "आवो, प्रवचन तर सगळेच ठेवत्यात. ह्यो पोरगा खरं बोलतो. आमच्या नानांना खरं बोलणारी माणसं आवडायची."

ड्रम न्यायचा नाही यावर बरीच घासाघीस झाली आणि आम्ही एक गिटार अन् दोन बॉक्स घेऊन घाटावर गेलो. आधी पुढारी बोलले. प्रत्येकाच्या भाषणात कधीही भरून न येणारी पोकळी. मग अमोल एक गाणं गायला. बायका रडल्या, गडीमाणसं उपरण्यात तोंड लपवून बसली. सगळं छान झालं.

पण कावळा शिवेना! पिंड ठेवलेले, सगळे आभाळाकडं बघतायत, कावळे लांब बाभळीवर बसलेले. एकजण म्हणाला, "नानांची काहीतरी इच्छा राहिलीय." दुसरा म्हणाला, "व्हय, गाणं आवडलेलं दिसतंय. दादा, आजून एक म्हणा."

अमोलनं म्हटलं. कावळा नाही. आणखी एक म्हटलं. कावळे आणखी लांबच्या झाडावर गेले!

शेवटी नानांची थोरली बहीण काठी टेकत थेट माझ्याकडं आली. "ये बाबा, इच्छाबिच्छा काय न्हाई. तुझा भोंगा बंद कर. कावळा भ्यालाय."

मी मेन स्विच पाडला. कावळा लगेच आला.

*

केडगावला हळद होती. नवऱ्या मुलाच्या आईनं आल्या आल्या अमोलला बाजूला घेतलं. "गाणी म्हणा, नाचवा. पर ते रडायचं काय बोलू नका हां. हळद हाय." अमोल म्हणाला, "मावशी, शब्द देतो." आणि त्यानं शब्द पाळला.

घोटाळा नवऱ्या मुलानंच केला! हळदीनं पिवळा झालेला, उठला, स्टेजवर चढला आणि अमोलच्या हातातला माईक घेऊन म्हणाला, "मला पण आज एक खरं सांगायचंय."

सगळ्या मांडवाला घाम फुटला. मुलीकडचे पाव्हणे समोर बसलेले. मुलीचा मामा तर उभाच राहिला. मुलाची आई लांबनं मला हातवारे करतीय, आवाज बंद कर, बंद कर! मी बटणावर बोट ठेवलं.

"मला," नवरा मुलगा म्हणाला, "घोड्यावर बसायची लई भीती वाटते."

मुलीचा मामा धपकन खाली बसला. "आरं बाबा, एवढंच ना! मग ट्रॅक्टरवर ये की!"

दुसऱ्या दिवशी वरात ट्रॅक्टरवरनं निघाली. घोडा मागनं मोकळाच चालला होता.

*

त्याच केडगावात स्टेशनजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात मी माईकसाठी सेल घ्यायला गेलो. दुकानदार पोरगा म्हणाला, "ते आईच्या नंबरवाले तुमचेच ना? एक विचारू का? रिंग जाते म्हंजी फोन चालू हाय. चालू हाय म्हंजी कुणीतरी चार्जिंगला लावतंय. कोण लावतंय?"

एवढे दिवस मैदानंच्या मैदानं रडली, मीही प्रत्येक वेळी ऐकलं, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! टेम्पोत बसल्यावर मी अमोलला विचारलं.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "आप्पाच लावत्यात. त्यांच्या फोनला मी लावला की कट करत्यात. आईच्या फोनला लावला की पूर्ण वाजू देत्यात."

"मग उचलत का नाहीत?"

अमोल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्यो फोन त्यांचा कुठं हाय?"

राजेशला सगळं मराठी कळत नाही, पण त्यानं टेम्पोतलं गाणं बंद केलं.

*

पुढं पुढं पब्लिकला त्या फोनची चटकच लागली. पहिलं गाणं संपायच्या आत आरडाओरडा, "दादा, आईला फोन लावा! फोन लावा!" फर्माईशच! मला येऊन सांगायचे, "त्यांना म्हणावं स्पीकरवर लावा, आम्हाला रिंग ऐकायचीय." एकानं तर त्यासाठी दोन गावं ओलांडून बायको-पोरं आणली होती.

अमोल नाही म्हणायचा. "सांगतो ते खरं हाय. पर करून न्हाई दाखवणार." लोक थोडे नाराज व्हायचे, मग नाचायचे. त्यानं कधीच, कुठंच लावला नाही.

*

आणि मग केंदूरच्या यात्रेची सुपारी आली.

अमोल आधी नको म्हणाला. यात्रा कमिटीच्या माणसाला मी विचारलं, "आप्पांना विचारलंत का?" तो म्हणाला, "विचारलं की. आप्पा न्हाई म्हणाले न्हाईत." "मग हो म्हणाले?" "व्हय बी म्हणाले न्हाईत. गाईला पाणी पाजत होते, पाजत राहिले."

संध्याकाळी दिवे लागायला सगळा गाव मैदानात. अमोलचा आवाज पहिल्या गाण्यात कापत होता, मी रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, वाढवून झाकला. तेवढ्यात माझ्या बाजूला एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल.

"एवढा आवाज लागतो का?" त्यांनी विचारलं.

"मागपर्यंत जायला पाहिजे ना, आप्पा," मी आपलं सवयीनं आप्पा म्हणालो. ते खरेच आप्पा होते, हे पुढच्या खुर्चीतला माणूस उठून "बसा आप्पा, पोरगं तुमचंच गातंय" म्हणत जागा द्यायला लागला तेव्हा कळलं. ते बसले नाहीत. उभेच राहिले.

मैदानात ओरडा सुरू झाला, "फोन लावा! फोन लावा!" ह्यावेळी ओरडणारी पोरं अमोलच्या वर्गातली, भावकीतली. अमोलनं कुणाला तरी शोधल्यासारखी मैदानावर नजर फिरवली. दिव्यांच्या उजेडात त्याला मिक्सरपर्यंतचं काही दिसणं शक्य नव्हतं. त्यानं खिशातनं मोबाईल काढला, स्पीकर चालू केला आणि माईकसमोर धरला.

रिंग सगळ्या मैदानात घुमायला लागली. पहिली. दुसरी.

आणि माझ्या शेजारी, आप्पांच्या बंडीच्या खिशात, एक बटणाचा फोन वाजायला लागला.

आधी माझ्या आसपासच्या खुर्च्या वळल्या, मग त्यांच्या पुढच्या, मग सगळं मैदान वळलं. आप्पांनी फोन बाहेर काढला. टॉवेलनं पुसला. हातात धरून बघत राहिले. फोन वाजतोय, स्टेजवरनं रिंग घुमतीय, आणि माझा हात बटणावर तसाच. कमी करू का वाढवू, मला कळेना.

आप्पांनी अंगठ्यानं हिरवं बटण दाबलं.

"हॅलोऽऽ!" फोन कानाला लावून आप्पा म्हणाले, आणि तोच आवाज दोन फोनांतनं फिरून बॉक्समधनं अशी किंकाळी फुटली की लोकांनी कान झाकले. मी आवाज खाली ओढला.

स्टेजवर अमोलनं मोबाईल तोंडाजवळ घेतला. मग बारीक आवाजात म्हणाला, "आप्पा?"

"हां."

"आप्पा, मी अमोल."

आप्पांनी फोन कानाला तसाच घट्ट धरला होता. स्टेजकडं बघत ते म्हणाले, "आरं, मग समोर तर उभा हाईस. फोन कशाला लावतोस? खाली ये की!"