मीटरची चिरचिर

वाडीतल्या पंपाचं ग्रीस हाताला लागलं की त्याच्या वासाने मला माझी जुनी मोटारसायकल आठवते. तिचा वेगाचा मीटर असा चिरचिरायचा की लोक विचारायचे, “आत उंदीर पाळलाय काय?” नायगावला मेव्हण्याच्या घरी साखरपुडा होता आणि बायको हटून बसली, “या किंचाळनाऱ्या गाडीवर मी नाय बसायची. माहेरच्या दारात हसं होईल. मी रिक्षाने जाते.” नवरा गाडीवर आणि बायको रिक्षात, हे मला कसं चालेल? मेकॅनिक म्हणाला, “काका, मीटरच बदला.” मी म्हटलं, “बदलायला तो काय सदरा आहे?” घरी येऊन मीटरची केबल सोडली, आतली तार ओढून काढली, रॉकेलने धुतली आणि पंपाचं ग्रीस चोळून परत घातली. चिरचिर बंद! थरथरणारा काटासुद्धा स्थिर झाला, वेग लांबूनही वाचता येऊ लागला. बायको नवी साडी नेसून ऐटीत मागे बसली. खाडीजवळ मोकळा रस्ता लागला, तशी खांद्यावरून डोकावून म्हणाली, “अवो, पन्नास झाले! चाळीसवर आना.” नायगावपर्यंत गाडी तिनेच चालवली म्हणा ना. आज मुलाच्या मोटारीतही ती मागून काटा वाचत असते, आणि मुलगा माझ्याकडे बघतो. मी काय करू, काम पक्कं झालं होतं.