शिट्टी आणि नागमोडी रेघ

बस कंपनी बंद पडून अकरा वर्षं झाली, तरी बिल्लेबाईंची नोकरी काही सुटली नव्हती. पगार थांबला, डेपोच्या जागेवर फर्निचरचं दुकान उभं राहिलं, पण रविवारी सकाळी कुणी ना कुणी दारात हजर असायचंच. कुणाच्या हातात वडिलांचा पितळी बिल्ला, कुणाकडे भोकं पाडलेली जुनी तिकिटं, कुणी माळ्यावर सापडलेली कंडक्टरची कातडी पिशवी घेऊन आलेला. सगळ्यांना एकच विचारायचं असे, की ही वस्तू नेमकी कशाची?

बाईंनी एकतीस वर्षं डेपोच्या भांडारात काढली होती. गणवेश, टोप्या, बिल्ले, तिकिटं पंच करायचे चिमटे, सगळं त्यांच्याच खिडकीतून बाहेर पडायचं. त्यामुळे वस्तू हातात पडायचा अवकाश, त्या धडाधड सांगत सुटायच्या. लाल काठाचा बिल्ला म्हणजे माणूस उमेदवार, निळ्या काठाचा म्हणजे कायम. तिकिटावर चांदणीचं भोक असेल तर कंडक्टर नदीपलीकडच्या डेपोचा, अर्धचंद्राचं असेल तर आपला. एकदा एका गृहस्थांच्या आजोबांना त्यांनी दोन मिनिटांत इन्स्पेक्टरचे झाडूवाल्यांचे मुकादम करून टाकलं होतं. गृहस्थ चहा न घेताच गेले.

बाईंची नणंद शाळेतून निवृत्त होऊन त्यांच्याकडेच राहायला आली होती. तिचं म्हणणं, वहिनीच्या तोंडून 'माहीत नाही' हे दोन शब्द कुणी ऐकवले तर त्याला आपण जेवायला घालू.

ती वेळ एका रविवारी जवळजवळ आलीच होती. चौकातल्या सलूनचा मालक एक बिल्ला घेऊन आला. त्याचे वडील कंपनीत ड्रायव्हर होते, आणि त्यांच्या दाढीच्या डब्यात तळाशी हा निघाला होता. बाईंनी चष्मा लावला. पांढऱ्या धातूची गोल चकती, तिच्यावर कोरलेली शिट्टी आणि शिट्टीखाली एक नागमोडी रेघ. नंबर नाही, कंपनीचं नाव नाही. असला बिल्ला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

दारामागे नणंद कान देऊन उभी होती, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"सुरक्षित ड्रायव्हिंगचा बिल्ला आहे," त्या म्हणाल्या. "ही रेघ म्हणजे रस्ता. पंधरा वर्षं एकही अपघात केला नाही, त्यालाच मिळायचा."

सलूनवाला क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने बिल्ला रुमालात गुंडाळला आणि बाईंना वाकून नमस्कार केला. तो नमस्कार बाईंना जरा जडच गेला.

आठवड्याभरात बिल्ला फ्रेममध्ये बसून सलूनच्या मोठ्या आरशाशेजारी लागला. खाली पेंटरकडून सुबक अक्षरांत लिहून घेतलेलं: पंधरा वर्षं, एकही अपघात नाही. गिऱ्हाइकं कौतुक करू लागली. बाई दूध आणायला मागच्या गल्लीने जाऊ लागल्या.

हे नणंदेच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. दूध नेहमीपेक्षा दहा मिनिटं उशिरा का येतं, असं तिने दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा बाईंनी सगळं ओकून टाकलं. त्यातली बोचणारी गोष्ट म्हणजे, बिल्ला हातात घेतला तेव्हाच त्यांना एक खूण दिसली होती. कंपनीचे बिल्ले साच्यातून छापून निघत. या चकतीच्या कडेला कानशीचे ओरखडे होते. कुणीतरी तो हाताने घासून बनवला होता.

"मग हाताने बनवणाऱ्याला विचारा," नणंद म्हणाली. तिच्या लेखी प्रश्न मिटला होता.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एवढा सफाईदार हात एकाच माणसाचा होता. सगळे त्याला फिटरमामा म्हणत. मामा आता गावाच्या दुसऱ्या टोकाला, बेकरीच्या वर, मुलीकडे राहत होते. नणंदेने सलूनमध्ये जाऊन फ्रेम आवडल्याचा बहाणा केला आणि फोनवर फोटो काढून आणला. दोघी रिक्षा करून निघाल्या.

मामांना ऐकू कमी यायचं, पण दिसायचं स्वच्छ. फोटो बघताच ते खुर्चीत सरसावून बसले.

"हा तर माझा बिल्ला. त्या ड्रायव्हरच्या घरी अजून आहे होय?"

बाईंनी मोठ्याने विचारलं, की हा रस्ता कुठला दाखवलाय.

"रस्ता कसला बाई, दोरखंड आहे तो."

मग मामांनी सगळं सांगितलं. दरवर्षी डेपोत वर्कशॉप विरुद्ध ड्रायव्हर अशी रस्सीखेच व्हायची. एका वर्षी त्यावरून इतकी जुंपली, की महिनाभर दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलेनात आणि गाड्यांची दुरुस्ती अडून राहिली. पुढच्या वर्षी पंच कोण, यावर एकमत होईना. शेवटी दोघांनाही चालेल असा एकच माणूस निघाला. सलूनवाल्याचा बाप. ड्रायव्हर असूनही वर्कशॉपवाल्यांनी त्याला मान्य केलं.

सामना सुरू झाला. वर्कशॉपवाले जीव तोडून ओढताहेत आणि दोर इंचभर हलत नाही. तेवढ्यात पंचाने शिट्टी मारली, चालत दोराच्या शेवटापर्यंत गेला आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. ड्रायव्हरांनी दोराचं शेपूट मागे उभ्या असलेल्या बसच्या बंपरला बांधलं होतं.

"त्याने स्वतःच्याच लोकांना हरवलं," मामा म्हणाले. "पंधरा दिवस त्याच्याशी एकही ड्रायव्हर बोलला नाही. डबासुद्धा तो आमच्यात बसून खायचा. मग मी मोडीतल्या बसची पट्टी कापून हा बिल्ला केला. एकच केला. दुसरा कुणाला द्यायचा?"

 

दुसऱ्या दिवशी बाई थेट चौकातूनच गेल्या. सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासलेला होता. त्याच्यादेखतच त्यांनी सांगून टाकलं, की मी त्या दिवशी ठोकून दिलं, मला माहीत नव्हतं. मग मामांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला.

"बाई, बाबांनी डेपोचं फाटक दोनदा तोडलं होतं," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. पण तुम्ही इतक्या ठामपणे बोललात, मला वाटलं, फाटक कंपनी अपघातात धरत नसेल."

साबण लावलेलं गिऱ्हाईक इतकं हसलं की फेस आरशावर उडाला. सलूनवाला मात्र फ्रेमकडे बघत होता. बाबा त्या पंधरा दिवसांत घरी काही बोलले नव्हते, तो म्हणाला, फक्त डबा जास्त भरून मागायचे. आईला वाटायचं, भूक वाढलीय.

फ्रेमखालची ओळ पेंटरने त्याच आठवड्यात बदलली. आता तिथे लिहिलंय: रस्सीखेचीचे पंच. बाईंकडे माणसं अजून येतात, आणि एखादी वस्तू ओळखू आली नाही तर त्या सरळ म्हणतात, माहीत नाही, विचारून सांगते. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा नणंदेने शब्द पाळला आणि समोरच्या माणसाला खरंच जेवायला बसवलं.

सलूनवाल्याने फिटरमामांना रिक्षा पाठवून बोलावून घेतलं, केस कापायला; बिल्लेबाईही आल्या. मामांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण ते खुर्चीत दीड तास बसले. गळ्याभोवतीचा टॉवेल काढून त्यांनी त्याला पीळ घातला, एक टोक खुर्चीच्या दांडीला बांधलं, दुसरं बिल्लेबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता ओढा, बघू हलतं का."

बाईंनी पदर खोचला आणि ओढलं.