शाळेची गाडी विकली तो दिवस

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वेडंवाकडं. चौथीनंतर शाळा सुटली, म्हणून आधीच माफी मागते. नाव छापू नका. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही... पण हे माझ्या डोळ्यांसमोर झालं.

आमचं घर एरंडोलच्या बाहेर, धुळ्याच्या रस्त्याला. आमच्या ह्यांनी भंगारातून शाळेची एक जुनी पिवळी बस आणली. मोबाईलवर बघून बघून त्यांना तिचं चालतं घर करायचं होतं. पद्मालयाला, तोरणमाळला जाणाऱ्यांना भाड्याने द्यायची. बाकडी काढली, प्लायवूडचे दोन पलंग झाले, स्वयंपाकाचा ओटा झाला, टपावर पाण्याची टाकी बसली. मग ह्यांचा मणका सरकला आणि काम तिथंच थांबलं. खर्चाचं कर्ज बचत गटातून माझ्या नावावर होतं. ते फिटल्याशिवाय पुढच्या बाईला मिळणार नव्हतं. ती बाई शिलाई मशीनसाठी थांबली होती. भेटली की नुसती हसायची. तेच मला जास्त लागायचं.

बस अंगणात उभी असायची. दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला, ती आपोआप खाली बसायची. खरंच. पायरी जमिनीकडे यायची, ओट्यावरची भांडी किणकिणायची. आत कोणी नाही. संध्याकाळपर्यंत पुन्हा वर. हे म्हणाले, "चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे गेलेत." मिस्त्रीने पाटे बघितले, चांगले निघाले. मी म्हटलं, असेल काहीतरी, आणि भांडी घासत राहिले.

गिऱ्हाईक आलं ते धुळ्याकडचं. नाना, मळणी यंत्र घेऊन गावोगाव फिरणारे. त्यांच्या कामाच्या माणसांना झोपायला गाडी हवी होती. सकाळी त्यांनी बस रस्त्यावर फिरवून आणली, इसार दिला, जेवायला गावात गेले. परत आले तेव्हा दुपार कलली होती.

नानांनी गाडी सुरू केली. गिअर टाकला... बस जागची हलेना. इंजिन ओरडतंय आणि बस खाली खाली बसतेय. नाना उतरले, वाकून बघितलं.

"वहिनी, मझार कोणी बठेल शे का?"

मी दाराआडून मान हलवली. नाही, आत कोणी बसलेलं नव्हतं.

"मंग एवढं वजन कसानं शे?"

"पाटे जुने झालेत, बाकी काही नाही," हे खाटेवरून म्हणाले.

"आशी गाडी माले नको भाऊ. मना इसार परत द्या."

परक्या माणसासमोर माझा आवाज कधी फुटत नाही. पण इसार परत गेला तर ती बाई पुढच्या सालापर्यंत थांबणार, हे मला दिसत होतं. आणि मला आठवली आमच्या रस्त्याला येणाऱ्या शाळेच्या गाडीतली मावशी. तिने पत्र्यावर दोन थापा मारल्याशिवाय एक पोर जागचं हलायचं नाही, अशी तिची शिस्त. मी पदर खोचला, बाहेर आले, बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ओरडले,

"उतरा रे पोरांनो! घर आलं!"

हे उठून बसले. "अगं, वेड लागलं का तुला?"

बस हलली. दाराकडची बाजू जराशी उचलली, मग परत जराशी... एकेक पोर पायरीवरून उडी मारतं ना, तशी. धक्क्यामागून धक्का. मग थांबली. मला वाटलं झालं. तेवढ्यात शेवटी आणखी एक हलका धक्का बसला — मागच्या बाकावर झोपलेलं पोर सगळ्यांच्या मागून उतरतं, तसा.

नाना परत गाडीत चढले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बठ्ठा उतरनात ना वहिनी?"

"हो, सगळे."

"नक्की? वाटमा कोनी ऱ्हायनं ते मी सांभाळावं नही!"

मी हसले. त्यांनीही हसून गिअर टाकला. बस पहिल्या झटक्यात निघाली. उरलेले पैसे त्यांनी फाटकापाशी थांबून दिले.

नंतर आम्ही चौकशी केली. त्या गाडीला कधी अपघात नाही, कुणाचं काही वाईट झालेलं नाही. तिच्यातली पोरं आता मोठी होऊन नोकरी-धंद्याला लागलीत. नाना फोनवर सांगतात, गाडी तेव्हापासून एकदाही बसली नाही. मग त्या दुपारी कोण उतरलं? ह्यांना विचारलं तर विषय बदलतात.

त्या महिन्याच्या बैठकीत मी गटाच्या अध्यक्ष अक्कांच्या हातात पैसे दिले. एरवी कोपऱ्यात बसते, त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "मोजून घ्या अक्का."

अक्कांनी मोजले. "व्याजासकट पूर्ण आले," म्हणाल्या, आणि नोटांचं बंडल तसंच शिलाई मशीनवाल्या बाईच्या हातात ठेवलं.