घट्ट बाही

रस्त्यात कुणी तुमच्या चष्म्याकडे बोट दाखवून "हा रोग कधीपासून?" असं विचारलं, तर ऐकून घ्याल? मग माझ्या वहिनीनं का ऐकून घ्यावं?

वहिनी शिलाईकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. मधुमेह तिला लहानपणापासूनच. दंडावर बटणाएवढा सेन्सर, कमरेला इन्सुलिनचा पंप. सेन्सर साखर मोजून कळवतो, पंप त्याप्रमाणे इन्सुलिन सोडतो किंवा थांबवतो. दादा म्हणतो, "आमच्या घरात एकमेकांचं ऐकणारं जोडपं हे एकच."

एकदा माप देता देता एक बाई तो दंड पाहून मागे सरकली. "लागण होण्यातलं नाही ना हो हे?" वहिनी तोंडात टाचण्या धरून नुसती हसली. बाई गेल्यावर तिनं कपाटातून स्वतःचे कपडे बाहेर काढले आणि त्यांच्या बाह्या अशा आवळून शिवल्या, की सेन्सरचा उंचवटासुद्धा दिसू नये. कसब होतं ते, खोटं कशाला बोलू!

पुढे वहिनी ओकाऱ्या होऊन आडवी पडली, धापा टाकू लागली. दवाखान्यात मी डॉक्टरांवर तुटून पडले. "तुमचं यंत्र भिकार! मोर्चा आणीन दारात!" नर्सनं बाहीला कात्री लावली, तशी वहिनी मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटली, "कापू नको गं बाई. शिवण उसव."

बाही निघाली. सेन्सरभोवती लालभडक वळ.

"दाबला गेला की हा साखर कमी दाखवतो," नर्स म्हणाली. "म्हणून पंपानं इन्सुलिन थांबवलं. साखर खरं तर चढत होती."

"पंप कमी-कमी म्हणून वाजायचा," वहिनी म्हणाली, "आणि मी लपून साखर खायचे."

वहिनीनं चादर तोंडावर ओढली. "ह्यांना सांगा हवं तर, ताई. गिऱ्हाइकांना नको. आजारी बाईकडे कोण कापड टाकेल?"

मरता मरता वाचली, तरी लाज गिऱ्हाइकांचीच! आता बाह्या सैल आहेत. पण दार वाजलं की तिचा तळवा अजून दंडावर जातो. तो हात मला मोर्चा काढून खाली आणता येत नाही.

तेव्हा तुम्हालाच सांगते. माप द्यायला गेलात आणि तिचा पंप वाजला, तर टक लावू नका, कीव तर मुळीच नको. "बघून घ्या, मी थांबते," एवढंच म्हणा आणि खरंच थांबा.