तारेपलीकडचं भात

हात वर करायची माझी खोड जुनी आहे. शाळेत उत्तर येत नसलं तरी मी हात वर करायचो, आणि मास्तरांनी उभं केलं की खिडकीबाहेर बघायचो. वय पंचेचाळीस झालं, अर्धे केस गेले, पण खोड गेली नाही. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात फादरांनी विचारलं, "यंदा आगेऱ्याच्या लोंब्या कोणाच्या शेतातून आणायच्या?" आणि डोक्यात विचार पोचण्याआधी माझा हात वर पोचला होता.

आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी फादर शेतावर येतात, कापलेल्या पहिल्या जुडीवर आशीर्वाद मागतात, मग ती जुडी बँड वाजवत देवळात जाते आणि तिथून घरोघर दोनदोन लोंब्या वाटल्या जातात. जुडी द्यायचा मान आमच्या पाखाडीत, म्हणजे वाडीत, आमच्या घराकडे. आजोबांपासून दरवर्षी प्रश्न तोच आणि हात आमचाच. त्यामुळे हात वर गेला यात नवल नव्हतं. नवल हे की आम्हाला आता शेतच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात कापणी झाली, मळणी झाली, आणि जमीन कारखान्यासाठी गेली. चारी बाजूंनी काटेरी तार लागली, दारावर राखणदार बसला. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. पण हाताला कोणी कळवलं नव्हतं.

माझा शेजारी पास्कू उगाच खोकला. फादर म्हातारे आणि दयाळू, त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने मला वेळ दिला. शहाण्या माणसाने हात खाली घेतला असता. मी म्हटलं, "आमच्या शेतातूनच, फादर. दरवर्षीसारखं."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. फिलू, माझी बायको, अंगणात वर्सोव्याच्या कोळणीकडून घेतलेले बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कुठलं शेत?"

"आपलं."

"आपलं तर तारेत हाय."

"असू दे."

"तारेत गवत हाय आणि राखणदार हाय. फादरना काय देणार? राखणदाराची जुडी बांधणार?"

अंगणाला खिडकी नसते, म्हणून मी रस्त्याकडे बघितलं.

संध्याकाळी पास्कू आला. म्हणाला, "अरे, माझ्या खाचरातल्या घे दोन जुड्या. भात ते भात. कोणाला कळतंय?" मनाचा मोठा माणूस. पण मी नाही म्हटलं. फादरांना कळलं नसतं, गावाला कळलं तरी गाव बोललं नसतं. पण देव आमच्या पाखाडीतला सगळ्यांत जुना माणूस. त्याला प्रत्येकाचा बांध ठाऊक आहे. शिवाय माझं आणि त्याचं भांडण चाललं होतं. भांडणात असलेल्या माणसाकडे उसनी भेट घेऊन कोण जाईल?

भांडणाचंही सांगतो, कारण ते लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही. जमीन गेल्यापासून मी मिस्सेला आत बसत नव्हतो. दाराबाहेरच्या चिंचेखाली उभा राहायचो. देवाला मी दिसावं, पण त्याच्या हाती लागू नये, इतक्या अंतरावर. फिलू आत पुढच्या बाकावर, मुलं तिच्याजवळ, आणि मी बाहेर विडी ओढत मिस्सेचं लॅटिन ऐकायचो. लॅटिन बाहेरून ऐकलं काय नि आतून ऐकलं काय, मला सारखंच कळायचं. माझ्या बापाने त्या खाचरात कंबर मोडली. आगेऱ्याची जुडी कधी चुकवली नाही. त्याला देवाने हे फळ दिलं? मी ते तोंडावर विचारत होतो आणि तो बोलत नव्हता. त्या आठवड्यात मी मनाशी घोकत होतो: रविवारी माझे हात रिकामे राहिले तर देवळाची पायरी बंद. चिंचसुद्धा बंद. तो त्याच्या घरी, मी माझ्या घरी.

आठवडा गेला. सोमवार ते शुक्रवार मी कारखान्यात फिटरचं काम केलं. दुसऱ्या कारखान्यात, आमच्या शेतावर येणार होता त्या नव्हे. माझ्या हातून दोन नट वाकडे बसले. एकही उपाय सुचला नाही. शनिवारी सकाळी उजाडताच मी उठलो आणि शेताकडे निघालो. विळा बरोबर का घेतला ते विचारू नका. शेताकडे जाताना विळा घ्यायचा, एवढंच हाताला माहीत, आणि माझ्या हाताबद्दल मी वर लिहिलंच आहे.

तारेपाशी उभा राहून मी प्रार्थना केली. तिला प्रार्थना म्हणावं की नाही ते तुम्ही ठरवा. मी म्हटलं, "हे बघ. जमीन कारखान्याची. तार कारखान्याची. मान्य. पण पाऊस कोणाचा होता? चार महिने पडला ना इथे? मग त्याचं काय केलंस तू? नुसतं गवत?" मोठ्याने म्हटलं. रस्त्याने आरे कॉलनीकडे निघालेला एक गवळी थांबून बघायला लागला, मग वेडा समजून गेला.

आणि मग मला तो पिवळा रंग दिसला.

खालच्या अंगाला, जिथे आमच्या खाचरात पाणी सगळ्यांत जास्त दिवस राहायचं, तिथे गवताचा रंग वेगळा होता. शेतकऱ्याच्या पोराला हा रंग झोपेतही ओळखू येतो. लवकर येणारं हळवं भात पिकलं की असा होतो. गेल्या कापणीला गळून पडलेले दाणे मातीत राहिले होते. कोणी नांगरलं नाही, कोणी रोपांचं आवण लावलं नाही, कोणी खत घातलं नाही. पाऊस आला आणि ते आपलं आपण उगवलं. विरळ होतं, गवताशी झगडत उभं होतं, पण लोंब्या भरल्या होत्या आणि माना खाली घातल्या होत्या.

मी तारेखालून घुसलो. म्हणजे अर्धा घुसलो. डोकं नि खांदे कारखान्याच्या हद्दीत, कमरेखालचा भाग सरकारी रस्त्यावर, आणि मधल्या भागात काटे. पुढे जाता येईना, मागे येता येईना. तेवढ्यात डोक्यावर आवाज आला.

"कोण रे तो? खय घुसतंस?"

"घुसत नाही. अडकलोय."

राखणदार काठी घेऊन उभा होता. मालवणकडचा माणूस, माझ्याच वयाचा, गावडे नावाचा. त्याने आधी काठीने तार उचलून मला सोडवलं आणि मग माझी कॉलर धरली. दोन्ही कामं त्याने सारख्याच नेटाने केली.

"आता बोल. विळो कित्याक हाडलंस?"

"ते भात माझं आहे."

"जमीन कोणाची?"

"कारखान्याची."

"मगे?"

"मग काय मगे? भात काय कारखान्याने पेरलं?"

"तू पेरलंस?"

इथे मी अडकलो, तारेत अडकलो होतो त्याहून वाईट. खोटं बोलता आलं असतं. पण तोंडातून निघालं ते असं: "नाही. मी नाही पेरलं. कोणीच नाही पेरलं. ते देवाने पेरलं, आणि मी त्याचं त्याला न्यायला आलोय. उद्या आमचा नव्या भाताचा सण आहे."

गावडे हसला. "ह्या बरा असा. चोरी तुझी, नाव देवाचा." मग आवाज खाली करून म्हणाला, "जा मेल्या. मी तुका बघूक नाय. सायब येवच्या आधी पळ."

पळायला हवं होतं. चौकीत नाव गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती. तीन मुलं, म्हातारी आई, सगळं डोळ्यांसमोर आलं. पण तोंडाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. मी म्हटलं, "चोर म्हणून पळणार नाही. धरायचं तर धर आणि साहेबापुढे उभं कर. नाहीतर जुडी घेऊन दारातून जाऊ दे. आजवर या शेतातून माझ्या घरचं कोणी चोरासारखं गेलेलं नाही."

गावडेने कॉलर सोडली आणि गवतातून त्या पिवळ्या पट्ट्याकडे गेला. वाकला, एक लोंबी हातात घेतली, दाणा सोलून दातांखाली चावला.

"हळवा?"

"हळवं."

"आमच्याकडे दसऱ्याक दारार भाताचा नवा बांधतत," तो म्हणाला. "तीन वर्सा झाली. माका रजा गावली नाय." त्याने लोंबी सोडून दिली. "तुका म्हायत असा काय, हय सोमवारी भराव घालूचो होतो. गेल्या सोमवारी. लॉरी बिघाडली. आता ह्या सोमवारी येतली."

म्हणजे लॉरी धड असती तर हे सगळं पाच दिवसांपूर्वी दगडमातीखाली गेलं असतं. मी फादरांपुढे हात वर केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

मी कापायला बसलो. घाईत दोन मुठींत अर्ध्या लोंब्या सांडल्या. गावडेने विळा काढून घेतला. "सर. असो कापतत? तू फिटर दिसतंस." मी खरोखरच फिटर आहे हे त्याला मी सांगितलं नाही. त्याने कापलं, मी गोळा केलं, त्याने पेंढ्याच्या दोराने जुडी आवळली. त्यातल्या दोन लोंब्या त्याने काढून कपाळाला लावल्या आणि टोपीत खोचल्या.

"तुझ्या नोकरीचं काय?" मी विचारलं.

"माका तार राखूक सांगलेला असा," गावडे म्हणाला. "भात राखूक कोणी सांगूक नाय." आणि त्याने दार सताड उघडलं.

रविवारी मी बँडच्या पुढे चाललो. जुडी दोन्ही हातांत. आशीर्वाद शेतावर द्यायचा हा रिवाज, म्हणून मिरवणूक देवळाकडे न वळवता मी सरळ तारेपाशी नेली. माझ्या मागे कॉर्नेटवाला होता, त्याला काही कळेना, तो एकच सूर धरून उभा राहिला. फादर तारेकडे आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अरे, ही जागा आता आपली नाही."

"आशीर्वाद फक्त आपल्याच जागेला द्यायचा असं कुठे सांगितलंय, फादर?"

लोक हसले. फादरही हसले. मग त्यांनी पुस्तक उघडलं, तारेच्या या बाजूला उभं राहून लॅटिन म्हटलं, आणि पवित्र पाणी तारेवरून पलीकडे शिंपडलं. गवतावर पडलं, उरलेल्या भातावर पडलं, आणि टोपी काढून उभ्या असलेल्या गावडेच्या तोंडावरही पडलं. त्याने ते पुसलं नाही. त्या दिवशी मी देवळात आत गेलो. फिलू पुढच्या बाकावर सरकली. "विडीचा वास येतो," एवढंच म्हणाली.

सोमवारी लॉऱ्या आल्या. कामावरून सुटल्यावर मी बघायला गेलो. खालचं अंग भरून झालं होतं, पिवळा पट्टा कुठे होता तेही सांगता येईना. पास्कू बरोबर होता. तो म्हणाला, "गळलेलं भात उगवतंच रे. लॉऱ्या पण बिघडतातच." दोन्ही खरं आहे. मी त्याच्याशी वाद घातला नाही आणि तुमच्याशीही घालणार नाही. मला एवढंच ठाऊक की मी देवाला रागाने विचारलं होतं, चार महिन्यांच्या पावसाचं काय केलंस, आणि त्याने दाखवलं. तोवर मला वाटायचं, देवाला शरण जायचं म्हणजे जे होईल ते मान खाली घालून गिळायचं. तसं नसावं. तारेपुढे मी मान खाली घातली नाही, आणि घालणार नाही. पण ज्याने तारेआड पेरलं त्याच्यापुढे मान खाली घालताना मला लाज वाटली नाही. लोंबीदेखील भरल्यावरच वाकते. तरी तिथून घरी येताना माझे डोळे ओले होते, आणि मी पास्कूला म्हटलं की लॉरीची धूळ गेली.

घरी आलो तर फिलू घरातल्या वेदीवरच्या लोंबीतले दाणे एकेक करून फडक्यात काढत होती.

"हे कशाला?"

"न्हाणीमागे पाणी साचतं. तिथे दोन हात जागा हाय. पावसाळ्यात पेरीन."

मला हसू आलं. "दोन हातांत काय पिकणार, फिलू?"

तिने फडक्याला गाठ मारली.

"देवाला जुडीपुरतंच लागतं," ती म्हणाली. "गुंठे तुमाला लागत होते."