थुंकीवाले भावोजी

दुसऱ्याच्या थुंकीवर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस साऱ्या जव्हार-मोखाड्यात दुसरा झाला नाही, आणि तो नेमका आमच्याच घरी जेवायला असायचा. आमच्या ह्यांचा चुलत भाऊ, म्हणून मी त्यांना भावोजी म्हणायची. आरोग्य खात्यात नोकरी, लग्न केलेलं नाही (कोण देणार मुलगी, तुम्हीच सांगा), आणि काम एकच. पाड्यापाड्यावर फिरून खोकणारी माणसं शोधायची, त्यांचा बेडका डबीत घ्यायचा, तो जव्हारला तपासायला द्यायचा, आणि क्षय निघाला की सहा महिने त्या माणसाला गोळ्या खायला घालायच्या. मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पुढचं सगळं वाणसामानाच्या पुड्या सोडून सोडून वाचलेलं. पण क्षयाचे जंतू दुर्बिणीखाली कसे दिसतात ते मला अजून पाठ आहे. निळ्या रंगावर बारीक बारीक लाल काड्या. हे भावोजी मला सांगायचे ते मी आमटी वाढत असताना. आमचे हे ताट उचलून ओटीवर जायचे. मी जाणार कुठे, वाढणार कोण?

थुंकी आणि बेडका ह्यांत जो फरक आहे तो त्यांच्या लेखी सोनं आणि पितळेचा. लोक लाजून डबीत नुसती लाळ सोडायचे. भावोजींना ते चालायचं नाही. म्हणायचे, "लाळ तर तान्ह्या पोराचीही मिळते. मला आतलं पाहिजे, छातीतलं." मग अंगणात उभे राहून, कमरेवर हात ठेवून, तीन लांब श्वास घ्यायचे आणि स्वतः असा खोकला काढून दाखवायचे की कोंबड्या उडून कुडावर बसायच्या. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर लोकांना वाटलं, आजारी हाच माणूस आहे. एका म्हातारीने त्यांना बसवून कसल्या तरी मुळीचा कडू काढा पाजला, आणि भावोजी तो मुकाट्याने प्यायले, कारण म्हातारी स्वतःही खोकत होती आणि तिला दुखवून चालणार नव्हतं.

डब्यांची पेटी मांडीवर घेऊन ते एसटीने यायचे. खोटं बोलायची सवय नाही. शेजारचा विचारायचा, काय आहे हो ह्यात, मिठाई का? भावोजी खरं ते सांगायचे, अगदी किती जणांचा आहे तेही. पुढे त्यांना तीन माणसांचं बाक एकट्याला. लग्नात नेलं तर तिथेही तेच. आमच्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मुलाकडचे एक काका दोनदा खोकले, आणि भावोजी हातातल्या अक्षता माझ्या ओंजळीत ओतून त्यांच्याकडे निघाले. खिशात डबी होतीच. मी शर्टाला धरून ओढलं तर म्हणतात, "वहिनी, ओला खोकला आहे." जसं काही सोयरीक चांगली आहे म्हणून सांगावं.

आणि लघवी. क्षयाच्या गोळ्यांत एक लाल कॅप्सूल असते, ती पोटात गेली की लघवी केशरी-लाल होते. लोक घाबरायचे, रक्त जातंय म्हणून गोळ्या सोडायचे. म्हणून भावोजी आधीच सांगून ठेवायचे, आणि नंतर भेटले की रामराम नाही, नमस्कार नाही, थेट, "काय, लाल होते ना?" जव्हारच्या भरल्या बाजारात एका शिक्षिकाबाईंना त्यांनी हे विचारलं. त्या बाईंनी त्यानंतर मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

गोळ्या द्यायची पद्धत अशी, की पेशंटाच्या नावाचा वेगळा डबा असायचा आणि दिवसाआड भावोजींच्या समोर गिळायच्या. हे नुसते बघायचे नाहीत, आ करायला लावायचे, जीभ वर, बॅटरी मारून तपासणार. ह्या बॅटरीचा त्यांना फार गर्व. म्हणायचे, माझ्या हातून एक गोळी वाया गेलेली नाही.

तर वांगणीच्या अलीकडच्या एका पाड्यावर जानकी नावाची बाई होती. हाडाची काडी झालेली, बेडक्यात जंतू निघालेले. पावसाळा संपता संपता तिचा डबा सुरू झाला. दोन महिने झाले तरी बाई काही सुधारेना. वजन तेवढंच, ताप तसाच, आणि परत बेडका बघितला तर जंतू आहेतच. भावोजींची झोप उडाली. गोळ्या मीच दिल्या, मीच गिळताना पाहिल्या, मग जातात कुठे, असं मला विचारायचे. मला काय माहीत?

मग एक दिवस तिचा नवरा त्यांना पाड्याबाहेर सोडायला आला. वाटेत हळूच म्हणाला, "साहेब, एक विचारू? लघवी लाल होते. मरणार तर नाय ना मी?"

भावोजी सवयीने खूश झाले. "अरे, घाबरू नको, गोळी लागू पडली."

आणि चार पावलं गेल्यावर थांबले. ह्याच्या नावाचा डबाच नव्हता.

तसेच मागे फिरले. जानकीने काही लपवलं नाही. दिवसभर गालफडात तंबाखू धरून ठेवणारी बाई, तिला एक कॅप्सूल धरणं ते काय अवघड? बाकीच्या गोळ्या ती गिळायची. लाल गोळीत खरी ताकद म्हणून तेवढी गालात ठेवायची आणि भावोजींची पाठ वळली की नवऱ्याला द्यायची. तो डबीत थुंकायला तयार नव्हता. एकदा नावाचा डबा आला की साऱ्या पाड्याला कळणार, आणि वीटभट्टीचा मुकादम खोकणाऱ्याला घेत नाही.

"त्याचा खोकला माझ्याहून मोठा," ती म्हणाली. "मी एकटी बरी होऊन काय करू? भट्टीवर नवरा-बायकोची जोडी लागते."

त्या संध्याकाळी भावोजी आमच्याकडे जेवले नाहीत. कुठल्याच जंतूची गोष्ट नाही, काही नाही. भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "वहिनी, मी तिच्या जिभेखाली बॅटरी मारत बसलो. हा बाजूला बसून खोकत होता. त्याच्याकडे बघितलंच नाही मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला अंगणात उभं करून बेडका काढायला लावला. जंतू भरपूर. मग दोघांचे दोन डबे सुरू झाले. दिवाळीनंतर सारा पाडा भट्टीवर कामाला जाऊन रिकामा झाला, पण ह्या दोघांना भावोजींनी जाऊ दिलं नाही. बसून खाणार काय? तर माझ्याकडचे तांदूळ. मला विचारायची गरजही वाटली नाही, आठवड्याच्या आठवड्याला पिंपात हात घालून पिशवी भरायचे. मी बडबडायची, आणि वर थोडी डाळ टाकायची.

जानकी भरली. गालावर मांस आलं, लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन चढ चढू लागली. नवऱ्याची छाती मात्र आधीच फार पोखरली होती. होळीच्या चार दिवस आधी तो गेला.

जानकीचा शेवटचा डोस वैशाखात झाला. बेडका साफ निघाला. ते सांगायला भावोजी सकाळीच पाड्यावर गेले आणि दुपारी आमच्याकडे येऊन बसले. मी चहा ठेवला, म्हटलं, खूश झाली असेल. तर म्हणाले, खूश कसली. तिने विचारलं म्हणे, त्याच्या डब्यात गोळ्या उरल्यात, त्या दुसऱ्या कोणाला द्याल ना? टाकू नका.

"मग? काय सांगितलंत?"

"देतो म्हटलं. खोडाळ्याकडे एक बाई सापडली आहे." उठत म्हणाले, "तिचा डबा नंतर सुरू करतो. आधी तिच्या घरात आणखी कोण कोण खोकतं ते बघून येतो."

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. मी म्हटलं, अहो, चहा तरी घ्या. ते उंबऱ्याशी चपला घालत होते. त्यांनी ऐकलं नाही.